नसलेल्या मूळ वस्तूची प्रतिकृती : 'स्टार वॉर्स'मधील प्रॉपर्टी आणि तिचे हौशी कारागीर

मराठी नाट्यव्यवसायात रंगमंचावर वापरल्या जाणाऱ्या काठी, कंदील, तलवार, टेलिफोन अशा सुट्या वस्तूंना सरसकट 'प्रॉपर्टी' म्हटले जाते. इंग्रजी रंगभूमीकडून आलेल्या या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे मालमत्ता, नाटकाच्या संदर्भात सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रयोग संपला की वस्तू पेटीत जाते आणि मोडली तर दुसरी आणली जाते. चित्रपटाच्या बाबतीत तिचे आयुष्य त्याहून अल्प असते, कारण चित्रीकरण पूर्ण झाले की तिचे प्रयोजनच संपते. असे असताना जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' (१९७७) या विज्ञानपटातील शस्त्रे, शिरस्त्राणे आणि यंत्रमानव यांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवण्यात अनेक देशांतील हौशी कारागीर आयुष्याची वर्षे खर्च करतात, त्या वस्तूंच्या मिलिमीटरपर्यंतच्या मापांवर वाद घालतात आणि त्या वादातून एक प्रकारचे शास्त्र उभे राहते. या छंदाकडे आपल्या विद्यापीठीय वर्तुळात पाहिलेच तर बाजारप्रणीत वस्तुपूजा म्हणून पाहिले जाईल. हा आरोप सर्वस्वी खोटा नाही. तथापि तो पुरेसा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रतिकृती घडवणे हा चित्रपट वाचण्याचा एक प्रकार असून त्या वाचनाची बलस्थाने व त्याची मर्यादा या दोहोंचा विचार व्हावयास हवा.

प्रथम एका वस्तूचा इतिहास पाहू. चित्रपटात ल्यूक स्कायवॉकर या नायकाला त्याच्या पित्याची म्हणून जी प्रकाशतलवार मिळते, तिची मूठ कोणत्याही चित्रकाराने कल्पिलेली नव्हती. सेटची सजावट करणारे रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनमधील छायाचित्रण-साहित्याच्या एका दुकानात सापडली. अमेरिकेतील ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेऱ्याला जोडावयाची ती फ्लॅशची दांडी होती. पोटात तीन सेल मावणारी, धातूची, चकचकीत, बाजूला लाल बटण असलेली अशी ही नळी. १९४० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांचे छायाचित्रकार 'स्पीड ग्राफिक' कॅमेऱ्याला अशी दांडी लावून फिरत. न्यूयॉर्कमधील रात्रीचे खून आणि आगी टिपणारा वीजी हा छायाचित्रकार फ्लॅश लावलेल्या अशाच कॅमेऱ्यासह आपल्या स्मरणात आहे. ख्रिश्चन यांनी दांडीवरची परावर्तक तबकडी काढून टाकली, मुठीभोवती इंग्रजी 'टी' अक्षराच्या छेदाच्या काळ्या पट्ट्या गोंदाने चिकटवल्या आणि मधल्या कड्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा या गणकयंत्रातील, आकडे मोठे करून दाखवणारी बुडबुड्यांसारखी भिंगांची पट्टी बसवली. अशा रीतीने तलवार तयार झाली. ज्या कलादिग्दर्शनाला पुढे ऑस्कर मिळाले आणि ज्या पुरस्कारात ख्रिश्चन यांचाही वाटा होता, त्याची पद्धती अशी भंगारातून आकार घेणारी होती. विमानांचे भंगार घाऊक विकत घेऊन त्यांनी अंतराळयानांचे अंतर्भाग सजवले.

ओबी-वान केनोबी या वृद्ध योद्ध्याच्या तलवारीची मूठ तर अधिकच बोलकी आहे. तिच्यात रोल्स-रॉइसच्या डर्वेंट जेट इंजिनातील एक नळी आहे, पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचा भाग आहे, ब्राउनिंग मशीनगनचा एक सुटा भाग आहे आणि सर्वांत खाली आर्मिटेज शँक्स कंपनीच्या न्हाणीघरातील नळाची चावी आहे. विसाव्या शतकातील दोन महायुद्धे, जेटयुग आणि घरातील नळ एकाच मुठीत गुंफले गेले आहेत. 'फार फार पूर्वी, दूरच्या आकाशगंगेत' घडणाऱ्या कथेतील हे शस्त्र प्रत्यक्षात ब्रिटनच्या औद्योगिक भूतकाळाचे अवशेष घेऊन उभे आहे. ही ओळख चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कोठेही नाही. स्थिरचित्रे भिंगाखाली धरून, जुन्या यंत्रसामग्रीच्या दुकानांतून हिंडून, एकेक तुकडा हाताळून हे तुकडे मुख्यतः हौशी मंडळींनीच ओळखून काढले. माझ्या दृष्टीने या छंदाची खरी फलश्रुती येथे आहे.

या कामाची पद्धती आपल्याला अपरिचित नाही. प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत संपादक ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने हा कारागीर जातो. चित्रपटाच्या चौकटी, प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे, लिलावात प्रकट झालेल्या वस्तू आणि तंत्रज्ञांच्या उशिरा सांगितलेल्या आठवणी ही त्याची साक्षीभूत हस्तलिखिते होत. ती परस्परांशी जुळत नाहीत. एकाच चित्रपटात एकाच तलवारीच्या अनेक मुठी वापरल्या गेल्या. काही जवळच्या दृश्यांसाठी नीट घडवलेल्या, काही मारामारीसाठी ओबडधोबड. कोणती प्रमाण मानायची? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीबद्दल हाच प्रश्न विचारला गेला आहे. ती संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात नाही. ती सर्वांवरून अनुमानिलेली आहे. उत्कृष्ट प्रतिकृतीही अशीच अनुमानित संहिता असते. दोन्ही उद्योगांच्या योग्यतेची तुलना करण्याचा येथे हेतू नाही, परंतु ज्ञानव्यवहार म्हणून त्यांचे साधर्म्य नाकारता येत नाही.

येथे 'अचूक' या शब्दाची फोड करणे आवश्यक ठरते, कारण हौशी मंडळींमधील बहुतेक कलह त्याच्या अर्थभेदातून उद्भवतात. एक अचूकता चित्रीकरणस्थळी हातात धरलेल्या वस्तूशी असते, दुसरी पडद्यावर दिसलेल्या प्रतिमेशी आणि तिसरी कथेतील कल्पनेशी. प्रकाशतलवारीच्या बाबतीत या तीन वाटा स्पष्टपणे फुटतात. १९७७ च्या चित्रपटासाठी परावर्तक पदार्थाचे आवरण असलेले, फिरणारे दांडे वापरले गेले आणि त्यावरील झळाळी नंतर अ‍ॅनिमेशनने चढवली गेली. म्हणजे लखलखणारे पाते कोणत्याही क्षणी कोणाच्याही हातात नव्हते. ज्याला वस्तूशी प्रामाणिक राहावयाचे आहे त्याची मूठ मुकी राहते, तिच्यात दिवाही नसतो आणि आवाजही नसतो. ज्याला कल्पनेशी प्रामाणिक राहावयाचे आहे तो आत एलईडीची माळ आणि ध्वनियंत्र बसवतो व अशा वस्तूची प्रतिकृती घडवतो जी कधी अस्तित्वातच नव्हती. दोघेही एकमेकांना अशुद्ध ठरवतात, आणि आपापल्या व्याख्येत दोघेही बरोबर असतात.

रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' (१९८२) मधील पिस्तूल हे याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. ऑस्ट्रियन श्टायर-मानलिखर रायफलीचा वरचा भाग व अमेरिकी चार्टर आर्म्स रिव्हॉल्व्हर यांचा संकर करून ते घडवले होते. दोन दशकांहून अधिक काळ कारागिरांनी केवळ पडद्यावरील अंधाऱ्या चौकटींवरून त्याच्या प्रतिकृती घडवल्या. २००६ मध्ये मूळ पिस्तूल एका विज्ञानकथा-संमेलनात प्रकट झाले आणि तोवरची सर्व अनुमाने तपासून घेण्याची वेळ आली. ज्या चित्रपटाचा विषयच मानव आणि मानवाची प्रतिकृती यांतील अभेद हा आहे, त्याच्याच बाबतीत हे घडावे हा योगायोग समीक्षकाला मोह पाडणारा आहे. तो मोह मी येथे आवरतो.

वॉल्टर बेंजामिन यांचा यांत्रिक पुनरुत्पादनाविषयीचा १९३० च्या दशकातील निबंध आपल्याकडे अशा प्रसंगी हमखास उद्धृत केला जातो व पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, एवढ्यावर चर्चा आटोपते. परंतु त्या निबंधातील युक्तिवाद बारकाईने पाहिला तर प्रस्तुत विषयाला तो वेगळ्याच जागी लागू पडतो. छायाचित्राच्या काचेवरून कितीही प्रती काढता येतात आणि त्यांपैकी 'अस्सल' कोणती हे विचारणे निरर्थक असते, असे बेंजामिन यांचे प्रतिपादन आहे. चित्रपटही तसाच जन्मतः प्रतिरूप असतो. मग अस्सलपणाची ओढ जाते कोठे? माझ्या मते ती त्या कलाकृतीच्या भोवतालच्या वस्तूंमध्ये आश्रय घेते. चित्रपटाची मूळ प्रत हातात धरता येत नाही, मात्र नायकाच्या हातातील दांडी त्या दिवशी, त्या दिव्यांखाली खरोखर होती. तेजोवलय नाहीसे होण्याऐवजी ते चित्राकडून प्रॉपर्टीकडे सरकले.

लिलावातील किंमती या सरकण्याचे मोजमाप पुरवतात. ब्लेड रनरचे पिस्तूल २००९ मध्ये २,७०,००० डॉलरला गेले. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स'मधील आरटू-डीटू हा यंत्रमानव २७ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला आणि २०२५ मध्ये डार्थ व्हेडरच्या तलवारीला ३६ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. यातील आरटू-डीटूची कथा विशेष लक्षणीय आहे. तो एका चित्रपटासाठी एकसंध घडलेला नव्हता. मालिकेतील निरनिराळ्या चित्रपटांत वापरलेले भाग जुळवून तो उभा केलेला होता. म्हणजे ज्याला मूळ म्हणून एवढे मोल मिळाले ती वस्तूही त्या जुळणीच्या रूपात कोणत्याही एका दिवशी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली असेलच असे नाही. हौशी कारागीर आपल्या कार्यशाळेत जे करतो त्याहून हे तत्त्वतः फार दूरचे नाही.

या वादाची सर्वांत गंभीर चिकित्सा मात्र साहित्यसमीक्षेत नव्हे, न्यायालयात झाली आणि तेथे 'प्रॉपर्टी' या शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर आले. साम्राज्याच्या पांढऱ्या चिलखतधारी सैनिकांची, म्हणजे स्टॉर्मट्रूपर्सची, शिरस्त्राणे १९७६ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सवर्थ यांनी व्हॅक्यूम फॉर्मिंगने तयार केली. तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर पसरून खालची हवा ओढून घेण्याची ही पद्धत आहे. मूळ कल्पनाचित्रे राल्फ मॅक्वारी यांची होती, त्यावरून मातीचा नमुना निक पेंबर्टन यांनी केला आणि एन्सवर्थ यांनी पन्नास शिरस्त्राणे पुरवली. २००४ पासून एन्सवर्थ त्याच शिरस्त्राणांच्या प्रतिकृती विकू लागले, त्यांतील काही अमेरिकेतही. लुकासफिल्मने कॅलिफोर्नियातील न्यायालयातून २००६ मध्ये दोन कोटी डॉलरचा निवाडा मिळवला व नंतर इंग्लंडमध्ये दावा चालवला. उच्च न्यायालय (२००८), अपील न्यायालय (२००९) आणि अखेरीस २७ जुलै २०११ रोजी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असा त्याचा प्रवास झाला.

प्रश्न वरवर पाहता तांत्रिक होता : हे शिरस्त्राण 'शिल्प' आहे काय? शिल्प असेल तर ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यान्वये त्याला कलाकृतीचा दीर्घ प्रताधिकार. नसेल तर नकाशावरून वस्तू घडवणाऱ्याला तो कायदा अडवत नाही. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मान यांनी विटांच्या ढिगाचा दाखला दिला. तो ढीग टेट कलादालनात दोन आठवडे मांडला तर शिल्प ठरेल, घराच्या दारात बांधकामासाठी दोन आठवडे पडून राहिला तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचाच निष्कर्ष उचलून धरला. कलाकृती आहे ती चित्रपट. शिरस्त्राण हे तिच्या निर्मितीप्रक्रियेतील एक साधन होय. परिणामी ब्रिटनमध्ये एन्सवर्थ विक्री करण्यास मोकळे राहिले. अमेरिकी प्रताधिकाराच्या भंगाची दाद इंग्लंडच्या न्यायालयात मागता येते, या मुद्द्यावर मात्र लुकासफिल्मचा विजय झाला. आपण स्वतःच त्या रूपाचे स्वामी आहोत हा एन्सवर्थ यांचा प्रतिदावा उच्च न्यायालयानेच फेटाळला होता, हे त्यांच्या चाहत्यांकडून बहुधा सांगितले जात नाही.

कायदा म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो. प्रत्येक शिरस्त्राणाला शिल्प मानले तर कारखान्यातील प्रत्येक साचा कलावंताच्या वारसांच्या ताब्यात जाईल. (आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम १५ याच भीतीतून आले आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोग्या पण न नोंदवलेल्या आकृतीवरून औद्योगिक प्रक्रियेने पन्नासांहून अधिक वस्तू निघाल्या की तिचा प्रताधिकार संपतो. एन्सवर्थ यांनी चित्रपटासाठी बरोबर पन्नास शिरस्त्राणे केली होती. एक कमी-अधिक याला किती महत्त्व येऊ शकते ते यावरून दिसावे.) परंतु समीक्षा म्हणून तो निर्णय अपुरा आहे. न्यायालयाने वस्तूचे मूल्य तिच्या मूळ प्रयोजनावरून ठरवले. विटांच्या दाखल्याचा गर्भितार्थ मात्र उलट आहे : जागा बदलली की वस्तूची जात बदलते. जे शिरस्त्राण १९७६ मध्ये साधन होते ते आज काचेच्या कपाटात, दिव्याखाली, केवळ पाहण्यासाठी ठेवले आहे. हौशी संग्राहकाने त्याला दारातून उचलून दालनात नेले आहे. या स्थलांतराने वस्तूचे काय होते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता; आपल्यापुढे आहे.

या स्थलांतराचा एक परिणाम माझ्या मते निर्विवाद चांगला आहे. चित्रपटसमीक्षेने दिग्दर्शकाला कर्ता मानण्याची सवय लावल्यामुळे कारागिरांचे हात अदृश्य झाले. प्रतिकृतीकाराला ते हात टाळताच येत नाहीत. स्टॉर्मट्रूपरच्या मूळ शिरस्त्राणाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. व्हेडरचा मुखवटाही काटेकोर सममित नाही, कारण ब्रायन म्यूर यांनी तो हाताने मातीत घडवला. व्यापारी कारखान्यांना हे दोष वाटले तरी जाणकार संग्राहक सममित प्रतीला नाक मुरडतो आणि डोळ्यांची वाकडी कड शोधतो. सुलेखनाच्या अभ्यासकाने लेखकूच्या हाताचे वळण ओळखावे तसे हे आहे. सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवाचे शिल्पन करणाऱ्या लिझ मूर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १९७६ मध्ये निवर्तल्या. कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मधील तारकाशिशूही त्यांचाच. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत त्यांचे नाव शोधावे लागते, परंतु चिलखत घडवणाऱ्या मंडळींच्या चर्चेत ते सहज येते.

मर्यादाही तेथेच आहे. अचूकतेचा हा ध्यास वस्तूच्या पृष्ठभागावर एवढा खिळतो की त्या वस्तूचा अर्थ विचारण्याचे भान सुटते. स्टॉर्मट्रूपर हे नावच जर्मन सैन्यातील धडक-तुकड्यांवरून आले आहे; त्याच्या मागे पहिले महायुद्ध आणि नाझी पक्षाचे गणवेशधारी दल अशा दोन्हींच्या सावल्या आहेत. चित्रपटाने त्यांना चेहरा नाकारला तो हेतुतः. असे असता १९९७ मध्ये अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या '५०१ वी लीजन' या संघटनेचे अनेक देशांतील सदस्य तेच चिलखत स्वतः घडवून अंगावर चढवतात. प्रवेशासाठी पोशाखाची छायाचित्रांवरून तपासणी होते, पट्ट्यांची जागा चुकली तर दुरुस्तीला परत पाठवतात. ही मंडळी रुग्णालयांतील मुलांना भेटतात, धर्मादाय निधी उभारतात. त्यांच्यावर फॅसिझमचा आरोप करणे हास्यास्पद ठरेल. पण नायकाच्या साध्या सुती अंगरख्यापेक्षा अत्याचारी साम्राज्याचा गणवेशच एवढ्या निष्ठेने का घडवला जातो, याचे 'तो दिसायलाच सुंदर आहे' एवढे उत्तर मला पुरत नाही. त्या सौंदर्याचा मोह दाखवणे हा चित्रपटाचा विषय होता की चित्रपट स्वतःच त्याला बळी पडला, हा समीक्षेचा प्रश्न आहे आणि मोजपट्टीने तो सुटत नाही. लुकास यांनी २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये व्हेडरच्या तुकडीला हेच ५०१ हे नाव दिले, तेव्हा नकलेने मूळ संहितेत प्रवेश मिळवला. महाभारताच्या संपादकांनी याला प्रक्षेप म्हटले असते.

आणखी एक हानी आहे, तिची चर्चा त्या वर्तुळात होते पण अपराधी स्वरात. ल्यूकच्या तलवारीची सर्वांत 'खरी' प्रतिकृती करावयाची तर ग्राफ्लेक्सची खरी दांडी हवी. ती कंपनी १९७३ मध्येच बंद झाली. शिल्लक राहिलेल्या दांड्या कॅमेरे जपणाऱ्यांना हव्या आहेत तशा तलवार करणाऱ्यांनाही, आणि दुसरा वर्ग अधिक पैसे मोजतो. त्यामुळे जुना 'स्पीड ग्राफिक' मिळतो पण त्याची फ्लॅशची दांडी त्याच्यासोबत नसते. ख्रिश्चन यांनी ती अडगळीतून उचलली तेव्हा तिला कोणी विचारत नव्हते. आज तिला मोल आले आहे ते छायाचित्रणाच्या इतिहासातील तिच्या स्थानामुळे नव्हे. प्रतिकृतीला खरेपणा यावा म्हणून एक खरी वस्तू तिच्या स्वतःच्या इतिहासातून तोडली जाते. पितळी समईचे फुलदाणीत रूपांतर करणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. हा प्रकार त्याच जातीचा आहे, फक्त येथे करणाऱ्याला वस्तूचा सनावळीसह इतिहास ठाऊक असतो.

यावर काही कारागिरांनी उपाय काढला आहे. त्यांनी जुन्या दांडीची मापे घेऊन लेथवर नवी नळी कातली, तिच्यावर मुलामा चढवला, लाल बटण बसवले आणि खालच्या बाजूची अक्षरेही ठोकली. कट्टर संग्राहक तिला कमी दर्जाची मानतात; त्यांना जुन्या धातूवरचे ओरखडे हवे असतात. तरीही कंपनी बंद पडल्यानंतर अनेक वर्षांनी ग्राफ्लेक्सची दांडी पुन्हा तयार होऊ लागली आहे, आणि ती विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिच्यावर फ्लॅशचा बल्ब कधीच लावावयाचा नाही.